खांबावरचा माणूस

वरची वाडी, ता. पाटण
शुक्रवार, दुपारचे दोन

प्रिय शिवू,

हाताशी फोन असताना आईनं पत्र लिहायला घेतलं म्हणून आधी हसून घे. अंगणवाडीच्या जुन्या हजेरी रजिस्टरची कोरी पानं शिल्लक होती, तीच फाडून घेतली आहेत. शेजारच्या धनाजीची क्रांती उद्या सकाळच्या एसटीनं तुमच्या सांगलीला तिच्या नर्सिंग कॉलेजला परत निघाली आहे, तिच्या हाती हे धाडायचा विचार आहे. फोनवर बोलायचं तर आप्पा शेजारीच असतात, हल्ली ते घरातून हलत नाहीत. आणि माझा आवाज जरा इकडचा तिकडं झाला की तू लगेच ओळखतेस. म्हणून तर गेले नऊ दिवस मी 'जेवलीस का, दिग्विजयराव बरे आहेत का' एवढंच बोलून फोन ठेवते आहे. मी घाबरले आहे, शिवू. असं मी तुला आजवर कधी म्हटल्याचं आठवत नाही. अंगणवाडीत खिचडीच्या पातेल्यामागं नाग निघाला होता तेव्हा पोरांना बाहेर काढून मी एकटीनं दार लावून घेतलं होतं, ते तू गावभर सांगत फिरायचीस. आता मात्र रस्त्यानं जीप गेली तरी माझ्या हातातलं भांडं खाली पडतं.

आधी नाथाजीचं सांगते, कारण तू रोज तेच विचारतेस आणि मी रोज 'सुधारतोय' म्हणते. काल आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन त्याला बघून आलो. शुद्धीवर आहे, बोलतो. खांबावरून पडून कमरेचं हाड मोडलंय, ते जुळेल म्हणतात. उजव्या हाताचं मात्र कुणी सरळ सांगत नाही. पंजा भाजून काळा पडलाय. दोन बोटांवर भागतंय का मनगटापासून काढावा लागतोय ते डॉक्टर सोमवारी ठरवणार. त्याची मंगल उशाशी बसून होती. मला बघितलं तशी उठली आणि गळ्यात पडली. 'वहिनी, तुमी आला, लय बरं वाटलं,' म्हणाली आणि कुणीतरी आणून दिलेल्या डब्यातला शिरा तिनं मलाच खायला लावला. आम्ही दोघी बारा वर्षं एका बचत गटात आहोत, उन्हाळ्यात एका पाटावर पापड लाटतो. तो शिरा मी कसा गिळला ते माझं मला माहीत. नाथाजी आप्पांना म्हणाला, 'आवं आप्पा, मी टेस्टर लावून बगितलं हुतं. तार मेलेली हुती. मग आला कुठनं वो?' आप्पांनी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मी खिडकीतून बाहेर रिक्षा बघत उभी राहिले.

त्याच सोमवारी आपल्या घरच्या चौकशीचंही ठरायचं आहे. वीज कंपनीचे चौकशीचे साहेब गेल्या शनिवारी घरी येऊन गेले. माणूस वाईट नाही, चहा घेतला, आजीला नमस्कार केला. छपरावर चढून पॅनलचे फोटो काढले, भिंतीवरची सोलरची पेटी बघितली, हीट पंप बघितला आणि मीटरच्या पेटीला सील ठोकून गेले. जाताना तुझे कागद मागून घेतले. जोडणी ज्यानं केली त्याची सही असते ना, त्यावर तुझं नाव आहे. साहेब म्हणाले, तार दोन खांबांच्या मध्ये तुटलेली, गावाकडून लाईन यायचा प्रश्नच नाही, म्हणजे करंट आला तो ह्या घरातूनच आला. एक तर सोलरच्या पेटीत दोष असणार, नाहीतर घरात कुणीतरी काहीतरी केलेलं असणार. पहिलं निघालं तर तुझं लायसन जाईल हे मला कुणी सांगायची गरज नाही. तू जतच्या त्या प्रकल्पावर दिवसभर उन्हात उभी राहून काम करतेस आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच घराच्या पेटीचे आकडे तपासत बसतेस, हे दिग्विजयरावांनी मला हळूच सांगितलं. तुला त्यात काही सापडणार नाही. पेटीत दोष नाही. तुझं काही चुकलेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

आप्पांनी साहेबांना सांगितलं आहे की सोमवारी मी पाटणला येतो आणि लेखी जबाब देतो. जबाब त्यांनी लिहूनही काढला आहे, तीन वेळा, दर वेळी अक्षर चांगलं यावं म्हणून. 'मी, लालासाहेब, निवृत्त हवालदार मेकॅनिक, लिहून देतो की माझ्या विसरण्यामुळे सदर अपघात घडला.' मी वाचलाय तो. 

हे कळायला तुला जरा मागं न्यावं लागेल. तू हे सगळं माझ्यासाठी बसवलंस, ते मी विसरलेले नाही. चाळीस वर्षं मी ह्या घरात बंब पेटवला, आधी तुझ्या आजोबांसाठी, मग सगळ्यांसाठी, आणि माझी छाती भरायला लागली तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी धूर बंद म्हणून सांगितलं. तू दुसऱ्याच महिन्यात माणसं घेऊन आलीस. छपरावर पॅनल, न्हाणीमागं हीट पंप आणि ती मोठी पांढरी टाकी. दुपारी ऊन असताना पंप चालवायचा, टाकीत पाणी तापवून ठेवायचं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कढत राहतं. गीझरच्या मानानं तिसरा हिस्साच वीज लागते, कारण हा पाणी नुसत्या विजेवर तापवत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून टाकीत घालतो. हे तू तुझ्या आजीला समजावत होतीस आणि ती म्हणत होती, 'हवेत ऊब असती तर मी गोधडी कशाला घेतली असती?' अख्खी वाडी बघायला आली होती. पंखा थंडगार हवा फेकतोय आणि नळाला कढत पाणी येतंय, हे कुणाला पटेना. धनाजीनं दुसऱ्या दिवशी त्या थंड हवेपुढं ताकाचा तांब्या आणून ठेवला. म्हणाला, 'एवढी गार हवा फुकट चाललीय ती का सोडा?' आजी पहिले पंधरा दिवस त्या पाण्याला हात लावत नव्हती, बंबाच्या पाण्याची चव नाही म्हणायची. म्हटलं, अंघोळ करायचीय का प्यायचंय? मग तिचे गुडघे सुटले आणि तिची तक्रारही सुटली. माझा खोकला पहिल्या हिवाळ्यातच गेला. मला तुझा लय अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

नाथाजी त्या दिवशी मुद्दाम आला होता, आठवतं का? आपल्या वाडीत तार तुटली, फ्यूज उडाला की कंपनीच्या वायरमनला फोन करायचा, तो नऊ गावं सांभाळतो, त्याला यायला दोन दिवस लागतात, म्हणून मग नाथाजीला हाक मारायची. तो काही कंपनीचा माणूस नाही, पण वाडीत सगळ्या खांबांवर तोच चढतो. त्यानं तुला विचारलं होतं, ताई, मी खांबावर असलो आणि तुमच्या छपरावरनं करंट आला म्हंजे? तू मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढून दाखवलास. सोलरच्या पेटीवरचा दिवा तिथल्या तिथं विझला. तू म्हणालीस, काका, बाहेरची लाईन गेली की हे आपोआप गप बसतं, ते तुमच्यासारख्या खांबावरच्या माणसासाठीच तसं केलेलं असतं. तो खूश होऊन गेला. म्हणून तर त्या बुधवारी आपल्या खांबावर चढताना त्याला घरात येऊन विचारावंसं वाटलं नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. गेल्या दिवाळीनंतर तीन दिवस लाईट नव्हती. स्वच्छ ऊन, पॅनल नुसती चमकत होती आणि घरात बल्ब लागत नव्हता, टाकीत गार पाणी. धनाजी येता-जाता चिडवायचा, आप्पा, सूर्याचं बिल थकलं काय? तुझ्या आप्पांना ते सहन होईना. त्यांनी पलटणीत असताना बर्फात बंद पडलेल्या गाड्या काय काय जोडून चालू केल्या, त्या गोष्टी तू ऐकल्यास. म्हणाले, एवढा कारखाना डोक्यावर आणि तो लाईनीची वाट बघत बसतो, हे काय खरं नाही. टीव्हीच्या खोलीतला बॅटरीचा इन्व्हर्टर त्यांनी उचलून आणला, एक वायर तयार केली आणि बॅटरीची वीज घराच्या बोर्डाला उलटी दिली. सोलरच्या पेटीला वाटलं लाईन आली. ती जागी झाली आणि हीट पंप सुरू झाला. ह्याला ते खोटी लाईन म्हणतात. इतके खूश झाले की मला ओढत न्हाणीमागं नेऊन पंप दाखवला. म्हणाले, 'शिवूला सांगू नको, ती माझं कोर्ट मार्शल करंल.'

पण धोका त्यांना ठाऊक होता बरं. बॅटरी लावायच्या आधी मेन खाली ओढायचा. तो ओढला नाही तर हीच वीज मीटरमधून बाहेर खांबावर जाते. पुठ्ठ्यावर खडूनं लिहून त्यांनी बोर्डाशेजारी टांगलं. पहिलं, मेन खाली. दुसरं, मेन खाली आहे का परत बघा. तिसरं, बॅटरी. आणि लाईट आली तर आधी बॅटरी काढा, मगच मेन वर. रिक्रूटांची कवायत घेतात तशी त्यांनी माझी कवायत घेतली, आठ दिवस, रोज. मी वैतागून म्हटलं, मी चाळीस पोरांची अंगणवाडी चालवली, मला तीन ओळी पाठ होत नाहीत का? पाठ झाल्या होत्या. आजही आहेत.

गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी धनाजीच्या उसाची ट्रॉली आपल्या बांधावरून खाली उतरत होती. नेहमीसारखी डोंगराएवढी भरलेली. उसाच्या शेंड्याचं वाडं तारेत अडकलं, तारा एकमेकींना लागल्या, ट्रान्सफॉर्मरपाशी डीपीवर फ्यूज उडाला आणि आपल्या घराकडं येणारी तार दोन खांबांमध्ये तुटून पडली. सगळी वाडी अंधारात. बुधवारी सकाळी आप्पा सातच्या गाडीनं साताऱ्याला गेले, त्यांचं मिलिटरी कँटीनचं काम होतं. थंडी तुला माहीत आहे, जानेवारीत आपल्याकडं कोयनेवरून येते ती. नाथाजीनं आधी डीपीवर नवा फ्यूज घातला, पाटणवरून लाईन सोडली की खालच्या वाडीची लाईट यायची होती. आपल्याकडं येणारा तुकडा तुटलेलाच होता, त्यात काही यायचा प्रश्न नव्हता. मग तो कळकाच्या बेटामागच्या आपल्या खांबावर चढला. धनाजी खाली दोर धरून होता. धनाजी म्हणतो, त्यानं टेस्टर लावला, तार मेलेली होती, मग त्यानं ती उजव्या हातात घेतली. दोन-तीन मिनिटं तो ती पिळत होता. त्यानंतर ते झालं. त्या वेळी घरात बॅटरी लावलेली होती आणि मेन वर होता. हे साहेबांना अजून ठाऊक नाही. घरातल्या माणसांनाच ठाऊक आहे.

धनाजीची हाक ऐकून मी पळत गेले. नाथाजी खांबाच्या बुडाशी पडला होता आणि त्याच्या हाताचा वास येत होता. तो वास मी लिहीत नाही. पिकअपमध्ये घालून आम्ही त्याला पाटणला नेलं, मंगल वाटेत चढली. रस्ताभर ती त्याच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती आणि मला विचारत होती, वहिनी, ह्यांनी काय चुकवलं? तिथून त्याला साताऱ्याला हलवलं आणि मी एसटीनं घरी आले. आप्पा आधीच पोचले होते. मीटरखाली जमिनीवर बसले होते, हातात बॅटरीची ती वायर. त्यांनी येऊन सगळं बघितलं होतं. मेन खाली करून बॅटरी काढून ठेवली होती. त्यांचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं, तुझे काका गेले तेव्हासुद्धा नाही.

त्यांची समजूत अशी झाली आहे की सकाळी निघताना त्यांनीच बॅटरी लावली. ऊन वर आलं की पंप आपोआप सुरू होईल, मला छातीचा त्रास असताना बंब पेटवावा लागू नये, म्हणून लावली, आणि मेन खाली ओढायचा राहिला. हे असं त्यांना वाटायला कारण आहे. तुला मी सांगितलं नव्हतं, पण गेलं वर्षभर त्यांचं विसरणं वाढलंय. विहिरीची मोटर दोनदा रात्रंदिवस चालू राहिली. पाटणच्या स्टँडवर स्कूटर कुठं लावली ते आठवेना, तासभर फिरले आणि शेवटी मंगलच्या सूरजला फोन केला. मला म्हणाले, शिवूला कळवू नको, ती उगाच डॉक्टर डॉक्टर करेल. मीही गप्प बसले. वय आहे, होतं असं, म्हटलं. माझंही काय कमी विसरतं? पण ह्या नऊ दिवसांत ते माणूस म्हणून निम्मे झाले आहेत. गॅस बंद केला का हे मला चार वेळा विचारतात. आजीच्या गोळ्या द्यायचं काम त्यांचं होतं, तो डबा माझ्याकडं आणून दिला. स्कूटरची किल्ली दिली. खिशात चिठ्ठ्या ठेवतात, 'दार लावले', 'पाणी बंद केले', आणि चिठ्ठी वाचूनही परत उठून बघून येतात. काल साताऱ्याला रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं मला आधार देतायत. मग लक्षात आलं की त्यांनाच स्वतःवर भरवसा नाही.

आज सकाळी त्यांनी हत्यारांची पेटी बाहेर काढली. पलटणीतून आणलेली ती हिरवी, जिला तू लहानपणी हात लावलास म्हणून मार खाल्लास. एकेक पकड, एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसला आणि सूरज बापाचे कपडे न्यायला आला होता, त्याच्यापुढं पेटी सरकवली. म्हणाले, तुझ्या बापाची पकड जळाली, ही घे, माझ्या हातात आता काही द्यायचं नाही. सूरजनं त्यांच्या पायाला हात लावला. त्या पोराला काही ठाऊक नाही, त्याला वाटलं आप्पा मोठ्या मनाचे आहेत. मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर हात टेकून ते ऐकत होते. सील ठोकल्यापासून बंब परत पेटतो आहे आणि तोही आप्पाच पेटवतात, मला धुरात येऊ देत नाहीत.

आता लिहिते. ओळ चुकवायची नाही म्हणून पान नवीन घेतलं आहे. बॅटरी आप्पांनी लावली नव्हती, शिवू. ते सातला गेले तेव्हा मेन खाली होता आणि बॅटरी टीव्हीच्या खोलीत होती. दहा वाजता तुझी आजी गोधडीत कुडकुडत होती, माझी छाती दोन दिवस भरलेली होती, आणि छपरावर लख्ख ऊन होतं. मी मेन खाली आहे का ते बघितलं, परत बघितलं आणि बॅटरी लावली. सगळं बरोबर केलं. पंप चालला, पाणी तापलं. बारा वाजत आले असतील, मी आजीच्या डोक्याला शिकेकाई लावत होते आणि खालच्या वाडीतून पोरांचा गलका आला, 'आली, आली.' लाईट आली की वाडीत असंच ओरडतात, तूही ओरडायचीस. चाळीस वर्षं तो आवाज ऐकला की मी हातातलं टाकून मेन वर करायला जाते, आलीय का बघायला. तशीच गेले. हात पदराला पुसले, मेन वर केला आणि परत येऊन आजीच्या डोक्यावर पाणी घातलं. बॅटरी काढली नाही. पुठ्ठा माझ्या डोळ्यासमोर टांगलेला होता. दुसरा तांबा घालतेय तोच धनाजी ओरडला. त्या संध्याकाळी आप्पांनी मीटरखाली बसल्या बसल्या मला विचारलं, 'सकाळी मीच लावून गेलो ना गं?' आणि मी म्हटलं, असंल. एवढा एकच शब्द. माझ्या कानात मंगलचं रडणं होतं, पोलीस येतील असं वाटत होतं, म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ते मला सांगायला लागले की पहाटे बॅटरी उचलताना पाठीत लचक भरली होती ते त्यांना आठवतंय. जे घडलंच नाही ते त्यांना आता आठवतंय, शिवू. ते विसरतात ह्याचा मी फायदा घेतला आणि एका माणसाला त्याचंच डोकं फिरलंय असं वाटू दिलं. सोमवारी जबाब मी देणार आहे, आणि त्याआधी साताऱ्याला जाऊन मंगलला सांगणार आहे. तू रविवारी ये. मला सोडव म्हणून नाही, आप्पांना सोबत लागेल म्हणून. हे सगळं तुला आधी लिहिलं, कारण तोंडानं सांगायला गेले की मी कच खाते, चार वेळा खाल्ली आहे. आप्पा ओसरीवर बसले आहेत, चष्मा लावलेलाच आहे. क्रांतीला द्यायच्या आधी ही पानं मी त्यांच्या हातात ठेवते.

तुझीच,
आई